लक्झेंबर्गचं दरडोई उत्पन्न बारावीच्या मुलांना कसं समजावू?

धरमपेठची शिक्षिका

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बारावीला राष्ट्रीय उत्पन्नाचं प्रकरण झालं की मुलांचे गट पाडते आणि प्रत्येक गटाला एक छोटा देश देते. कार्डशीटवर त्या देशाची पत्रिका मांडायची: क्षेत्रफळ, लोकसंख्या, जीडीपी, कर्ज, राज्यकारभार. मग वर्गासमोर उभं राहून समजावून सांगायची.

यंदा ज्या गटाकडे लक्झेंबर्ग आला, त्या मुलांनी फार मन लावून काम केलंय. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याचा साधारण पाव हिस्सा (जिल्हा ९,८९२). लोकसंख्या ६.८ लाख, २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराचीच २४ लाख होती. राज्यप्रमुख ग्रँड ड्यूक. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेन्री यांनी गादी सोडली आणि मुलगा गीयोम आला. पंतप्रधान ल्युक फ्रीडन, नोव्हेंबर २०२३ पासून. संसदेचं एकच सभागृह, ६० सदस्य. सरकारचं कर्ज जीडीपीच्या २६ टक्क्यांच्या आसपास, तर युरोपीय संघाची सरासरी ८० च्या वर. बस, ट्राम आणि रेल्वे २०२० पासून सगळ्यांना मोफत. हे वाचून तर अख्खा वर्ग थक्क झाला.

सादरीकरण संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आले आणि तिथे मी थांबले. मला घाईत उत्तर द्यायचं नाही, म्हणून इथे विचारते.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, समुद्र नाही, शेती नावापुरती, लोखंडाच्या खाणी बंद झाल्या. मग माणशी सव्वा लाख युरो येतात कुठून?" दुसऱ्यानं त्याच कार्डशीटवरची दुसरी ओळ दाखवली: दारिद्र्याचा धोका असलेले लोक १८ टक्क्यांच्या आसपास. "एवढ्या श्रीमंत देशात गरीब कसे?" तिसरा प्रश्न राज्यकारभाराचा होता. लोकसंख्या ६.८ लाख आणि २०२३ च्या निवडणुकीला मतदार तीन लाखांहून कमी. मतदान तर तिथे सक्तीचं आहे. मग बाकीचे गेले कुठे?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. पुढच्या आठवड्यात याच विषयावर एक तास ठेवला आहे.

मानेवाडा ते ट्रियर

ताई, मी मूळचा मानेवाड्याचा. आता जर्मनीत ट्रियरला राहतो आणि लक्झेंबर्ग शहरात कामाला जातो, गुंतवणूक फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीत. तुमच्या मुलांनी लिहिलेल्या जीडीपीमध्ये माझं काम धरलेलं आहे. त्याच कार्डशीटवरच्या ६.८ लाखांत मी नाही.

माझ्यासारखे सीमेपलीकडून येणारे साधारण २.३ लाख लोक आहेत. निम्म्याहून जास्त फ्रान्समधून, उरलेले बेल्जियम आणि जर्मनीतून. देशातल्या पगारी नोकऱ्यांपैकी जवळपास निम्म्या नोकऱ्या आम्ही करतो. सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही. मोझेल नदीकाठी वासरबिलिग नावाचं सीमेवरचं स्टेशन आहे. तिथून पुढचा प्रवास मोफत, तिथपर्यंतचं जर्मन तिकीट मात्र काढावं लागतं.

मुलं विचारतील, मग तिथेच राहायला का जात नाही? घरभाडं. लक्झेंबर्गमधली घरं युरोपातल्या सर्वांत महागड्या घरांत मोजली जातात. दोन खोल्यांना तिथे जे द्यावं लागतं, त्यात इकडे अंगणासकट घर मिळतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस फ्रान्समधल्या तियोंव्हिलहून येतो, समोरची बाई बेल्जियमच्या आर्लोंहून. आमच्या खोलीत लक्झेंबर्गचं नागरिकत्व असलेला एकच जण आहे आणि तोही सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करतोय.

वासरबिलिगचीच आणखी एक गोष्ट सांगतो. त्या एवढ्याशा गावात पेट्रोल पंपांची रांगच रांग आहे, कारण कर कमी असल्यामुळे इंधन शेजाऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं. जर्मनीच्या गाड्या, लांब पल्ल्याचे ट्रक, सगळे तिथे टाकी भरून पुढे जातात. ते इंधन विकलं लक्झेंबर्गनं, म्हणून त्याचा धूरही लक्झेंबर्गच्याच नावावर चढतो. माणशी कार्बन उत्सर्जनाच्या यादीत हा देश युरोपात एवढा वर का दिसतो, त्याचं हे मोठं कारण. तुमच्या दुसऱ्या कुठल्या गटानं पर्यावरणाचे आकडे घेतले असतील तर त्यांनाही सांगा.

आकडेवाले काकाजी

वरच्या भाऊंनी पहिल्या चार ओळींत मर्म सांगून टाकलं. मी राज्य सरकारच्या सांख्यिकी खात्यात होतो. जिल्हा उत्पन्नाच्या तक्त्यांवर नागपुरात बरीच वर्षं काम केलं, म्हणून ताईंच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. विषय माझ्या फार जवळचा आहे.

'दरडोई' म्हटलं की आधी बघायचं, कोणाच्या डोईनं भागलंय. भारत, जर्मनी यांसारख्या मोठ्या देशांत कमावणारे, राहणारे आणि मत देणारे लोक बहुतांशी तेच असतात, म्हणून भागाकार चालून जातो. लक्झेंबर्गमध्ये ही तीन वेगवेगळी माणसं आहेत. तुमच्या विद्यार्थ्यांचे तिन्ही प्रश्न मुळात एकाच जागी येऊन मिळतात.

आधी कमावणाऱ्यांचं बघू. जीडीपी ८५ अब्ज युरो धरा, गोल आकडा. ६.८ लाखांनी भागलं तर माणशी १ लाख २५ हजार. आता सीमेपलीकडून येणारे २.३ लाख त्यात मिळवा. झाले ९.१ लाख. भागाकार उतरून ९३ हजारांवर येतो. एका झटक्यात चौथा हिस्सा गेला! आणि यातही आपण त्या कामगारांची घरची मंडळी धरलेली नाहीत. लक्झेंबर्गच्या रहिवाशांत मुलं आहेत, पेन्शनर आहेत. भाऊंची बायकोमुलं मात्र ट्रियरच्या लोकसंख्येत मोजली जातात. म्हणजे ९३ हजार हाही आकडा वरच्याच बाजूला झुकलेला. हा भागाकार फळ्यावर मुलांकडून करून घ्या, तुम्ही करून दाखवू नका.

दुसरी गोष्ट नफ्याची. लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या गुंतवणूक फंडांची मालमत्ता ५ लाख कोटी युरोंच्या वर आहे. अमेरिकेनंतर फंडांचं जगातलं सर्वांत मोठं ठाणं तेच. हे पैसे त्या देशाचे नाहीत, जगभरातल्या लोकांचे आहेत. देशाच्या हिशेबात येते ती हे फंड सांभाळण्याची फी, पगार, बँका आणि वकिलांचं काम. तेवढ्यावरच वित्तक्षेत्र देशाच्या उत्पादनाचा साधारण चौथा भाग उचलतं. पण त्या कंपन्यांचे मालक बहुतेक बाहेरचे. नफा बाहेर जातो, सीमापार कामगारांचा पगार बाहेर जातो. म्हणून स्थूल राष्ट्रीय उत्पन्न बघा, म्हणजे देशात राहणाऱ्यांच्याच वाट्याला येणारं उत्पन्न; ते जीडीपीपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी भरतं. तुमच्या पाठ्यपुस्तकात देशांतर्गत उत्पादन (म्हणजेच जीडीपी) आणि राष्ट्रीय उत्पन्न यांतला फरक एका ओळीत येतो, 'परदेशातून मिळणारं निव्वळ उत्पन्न'. भारताच्या बाबतीत ती रक्कम इतकी लहान असते की मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. लक्झेंबर्गमध्ये ती ओळच अख्खी गोष्ट सांगते. त्या ओळीसाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

यात एक बारकावा आहे, हुशार मुलांना सांगा. युरोपीय संघाचं न्यायालय, लेखापरीक्षण न्यायालय, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक, आणि सगळ्या देशांचे आकडे गोळा करणारं युरोस्टॅट, हे सगळं लक्झेंबर्ग शहरात आहे. या संस्था मात्र राष्ट्रीय हिशेबात देशाबाहेरच्या धरल्या जातात. तिथला अधिकारी लक्झेंबर्गमध्ये राहत असला तर त्याचा पगार जीडीपीत येत नाही, राष्ट्रीय उत्पन्नात येतो. जणू तो परदेशात नोकरीला जातो. म्हणजे शेजारच्या फ्रान्समधून येणारा माणूस जीडीपीच्या आत आणि शहरातच राहणारा अधिकारी बाहेर. हे नियम कोणाच्या सोयीसाठी वाकवलेले नाहीत, सगळ्या युरोपात सारखे आहेत. छोट्या देशात ते उठून दिसतात इतकंच.

आता लोक प्रत्यक्षात किती चांगलं जगतात? त्यासाठी युरोस्टॅट आणखी एक मोजमाप देतं: किमतींतला फरक काढून टाकून माणशी प्रत्यक्ष उपभोग. यात सरकारनं पुरवलेलं शिक्षण आणि आरोग्यही धरतात. युरोपीय संघाची सरासरी १०० मानली तर जीडीपीत लक्झेंबर्ग २४० च्या आसपास आणि उपभोगात १४० च्या आसपास. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. १४० हाही युरोपात सर्वांत वरच्यांपैकी आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. देश खरोखर संपन्न आहे. पण सरासरीच्या अडीचपट आणि जवळपास दीडपट यांत फार अंतर आहे.

आपल्याकडेही हे असंच चालतं. राज्य आणि जिल्हा उत्पन्न आपण उगमाच्या पद्धतीनं काढतो. जिथे उत्पादन झालं त्या जिल्ह्याच्या खात्यावर. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. ती वीज आणि तो कोळसा चंद्रपूरच्या उत्पन्नात दिसतो. वीज मुंबई-पुण्याकडे जाते, कोळसा कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे, राख आणि धूळ चंद्रपुरात राहते. जिल्ह्याचा दरडोई आकडा बघून तिथला माणूस किती खातापितो हे ठरवायला गेलं तर फसगत होते. नोकरीत असताना हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगायचो, आणि तुमच्या मुलांनाही चंद्रपूर चटकन कळेल.

गरिबीचा प्रश्न. युरोपात 'दारिद्र्याचा धोका' ही रेषा त्या त्या देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली, ते उत्पन्न) ६० टक्क्यांवर आखतात. लक्झेंबर्गमध्ये एकट्या माणसासाठी ती महिन्याला दोन हजार युरोंच्याही वर जाते. म्हणून त्या १८ टक्क्यांत उपाशी माणसं शोधू नका. पण ते खोटे गरीब आहेत असंही समजू नका. हातात नोकरी असूनही या रेषेखाली असणाऱ्यांचं प्रमाण लक्झेंबर्गमध्ये युरोपातल्या सर्वांत वरच्या आकड्यांत आहे. किमान वेतन युरोपीय संघात सर्वांत जास्त, महिन्याला २,६०० युरोंच्या वर, आणि तरीही ही स्थिती. पगारातला केवढा तरी भाग भाड्यात जातो. हॉटेलात, बांधकामावर, साफसफाईला जाणारा पोर्तुगीज कामगार बघा. परदेशी रहिवाशांत पोर्तुगीज सर्वांत जास्त आहेत. त्याच्यापर्यंत ते सव्वा लाख पोहोचत नाहीत.

मतदारांचं उद्या लिहितो. डोळे दुखायला लागले की थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

विदर्भवादी वकील

काकाजी, नमस्कार. फार छान लिहिलंत. मला या चर्चेत एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. आम्ही वेगळ्या विदर्भाची मागणी करतो तेव्हा दरवेळी ऐकवलं जातं की छोटं राज्य परवडणार नाही, स्वतःच्या पायावर उभं राहू शकणार नाही. इथे तर नागपूर जिल्ह्याच्या पाव भागाएवढा देश स्वतःची संसद, स्वतःचं सैन्य, स्वतःचं न्यायालय चालवून वर एवढं कमी कर्ज ठेवतो. हे उदाहरण आम्ही का देऊ नये?

आकडेवाले काकाजी

वकीलसाहेब, विदर्भाबद्दल तुमची तळमळ मला ठाऊक आहे आणि मागणीच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण या कामासाठी लक्झेंबर्ग घेऊ नका. एक तर विदर्भ छोटा नाहीच. ९७ हजार चौरस किलोमीटर आणि २०११ मध्ये २.३ कोटी लोक. युरोपातले कितीतरी देश त्याच्या पोटात मावतील.

दुसरं जास्त महत्त्वाचं. लक्झेंबर्गचा पैसा लहान असण्यातून आलेला नाही, स्वतःचा कायदा स्वतः करण्याच्या अधिकारातून आला. १९२९ मध्ये त्यांनी होल्डिंग कंपन्यांना (दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या कंपन्यांना) करसवलत देणारा कायदा केला. युरोपनं १९८५ मध्ये गुंतवणूक फंडांसाठी एक समान नियम काढला, तो आपल्या कायद्यात सर्वांत आधी आणला लक्झेंबर्गनं, १९८८ मध्ये. बाकीचे देश विचार करत बसले तोवर फंड तिकडे गेले. पोलाद उद्योग १९७५ नंतर कोसळायला लागला होता, हजारो माणसं रिकामी होण्याची वेळ आली होती, त्यामुळे घाई करणं त्यांना भागच होतं. कंपन्यांवरचा कर ठरवण्याचा अधिकार भारतातल्या कुठल्याही राज्याकडे नाही, नव्याकडेही नसेल. आणि त्या सवलतींची दुसरी बाजूही आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांशी झालेले करांचे खासगी करार २०१४ मध्ये उघड झाले, तेव्हा शेजारी देशांचा बुडालेला कर सगळ्या जगानं पाहिला. तो आपला आदर्श नव्हे. विदर्भासाठी सिंचनाचा अनुशेष, कोळसा आणि विजेचा परतावा हे आपल्या मातीतले आकडे पुरेसे बळकट आहेत.

आकडेवाले काकाजी

ताई, आता मतदार.

लक्झेंबर्गच्या रहिवाशांपैकी ४७ टक्के परदेशी नागरिक आहेत. संसदेला मत देता येतं ते फक्त नागरिकांना. त्यातून अठरा वर्षांखालची मुलं वगळा, उरतात तीन लाखांहून कमी. ते मत देतात सक्तीनं. पंच्याहत्तरीनंतर सक्ती सुटते. आपल्या नागपूर लोकसभा मतदारसंघात एक खासदार निवडायला २० लाखांहून जास्त मतदार आहेत, आणि तिथे तीन लाखांत ६० जण निवडतात.

ती निवडणूक मुलांना जरूर शिकवा, फार वेगळी आहे. देशाचे चार मतदारसंघ: दक्षिणेत २३ जागा, मध्यभागात २१, उत्तरेत ९, पूर्वेत ७. ज्या भागात जितक्या जागा, तितकी मतं प्रत्येक मतदाराच्या हातात. दक्षिणेतल्या माणसाकडे चक्क २३ मतं. ती सगळी एका पक्षाच्या यादीला द्या, नाहीतर वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांत वाटा, एका उमेदवाराला जास्तीत जास्त दोन. गावातला डॉक्टर, शिक्षक, महापौर उभा असला की लोक पक्ष ओलांडून त्याला मत देतात. २०२३ मध्ये फ्रीडन यांच्या ख्रिश्चन सोशल पक्षाला २१ आणि लोकशाही पक्षाला १४ जागा मिळाल्या. दोघांचे मिळून ३५, आणि सरकार बनलं. एकाच पक्षाचं बहुमत या पद्धतीत जवळपास अशक्यच.

सभागृह एकच असल्यामुळे घाईत कायदे होतील अशी भीती मलाही वाटली होती. पण तिथे एक राज्य परिषद आहे. प्रत्येक विधेयकावर ती अभिप्राय देते, आणि तिनं सूट दिली नाही तर संसदेला त्याच विधेयकावर तीन महिने थांबून पुन्हा मतदान घ्यावं लागतं. वरिष्ठ सभागृहाचं काम वेळेकडून करून घेतलंय. मला ही सोय आवडली.

परदेशी रहिवाशांना संसदेचा मताधिकार द्यावा का, यावर २०१५ मध्ये सार्वमत झालं. सुमारे ७८ टक्के नागरिकांनी नाही म्हटलं. गावपातळीवर मात्र परदेशी रहिवासी मत देऊ शकतात आणि २०२३ च्या स्थानिक निवडणुकीआधी पाच वर्षं राहण्याची अटही काढून टाकली. नागरिकत्व मिळवण्याचा रस्ता खुला आहे: पाच वर्षांचा रहिवास आणि लक्झेंबर्गी भाषेची परीक्षा.

आता हे पहिल्या प्रश्नाला जोडून बघा. तिथले मूळ नागरिक मोठ्या संख्येनं सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांत आहेत. खासगी क्षेत्र चालवतात परदेशी रहिवासी आणि सीमेपलीकडचे लोक. म्हणजे ज्यांच्या कामातून करांचा पैसा उभा राहतो, त्यांतल्या बहुसंख्यांना तो खर्च कसा व्हावा हे ठरवता येत नाही. हा त्या देशापुढचा खरा पेच आहे असं मी मानतो. २६ टक्के कर्ज, मोफत बस हे सगळं उत्तम. पण त्यामागे कोणाचे हात आहेत हे सांगितल्याशिवाय ती माहिती अर्धी राहते. राज्यशास्त्राच्या शिक्षकांना सोबत घेऊन तास घ्या, शक्य असेल तर.

मानेवाडा ते ट्रियर

काकाजी, यात थोडी भर घालतो. संसदेत आम्हाला मत नाही हे खरं, पण नोकरदारांचं एक मंडळ आहे, त्याच्या निवडणुकीत सीमापार कामगारही मत देतात. मलाही दर पाच वर्षांनी टपालानं मतपत्रिका येते, शेवटची २०२४ मध्ये आली होती. कामगारांशी संबंधित विधेयकांवर ते मंडळ सरकारला अभिप्राय देतं. अभिप्राय बंधनकारक नसतो, तरी मी तो वाचतो आणि मतपत्रिका न चुकता भरून पाठवतो.

आणि पगाराची गोष्ट मुलांना नक्की आवडेल. तिथे महागाईचा निर्देशांक ठरावीक टप्पा ओलांडून २.५ टक्के वर गेला की देशातल्या सगळ्यांचे पगार आणि पेन्शन आपोआप २.५ टक्क्यांनी वाढतात. मालकाकडे मागायला जायचं नाही. २०२३ मध्ये असे तीन टप्पे आले: फेब्रुवारी, एप्रिल आणि सप्टेंबर. आपल्याकडे महागाई भत्ता सरकारी नोकरांना मिळतो; तिथे हॉटेलात भांडी घासणाऱ्यालाही हा हक्क आहे. उद्योजक दरवेळी कुरकुरतात, कामगार संघटना टप्पा पुढे ढकलायला विरोध करतात. शेवटी सरकार, मालक आणि संघटना तिघं एकत्र बसून तोडगा काढतात. पोलादाच्या संकटात १९७७ साली ही तिघांची बैठक सुरू झाली, ती आजही चालते.

धरमपेठची शिक्षिका

काकाजी, भाऊ, तुमचे दोघांचे मनापासून आभार. चंद्रपूरचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. माझ्या वर्गात बल्लारपूरची दोन मुलं आहेत, त्यांना हे मी सांगायची गरजच पडणार नाही, तीच सांगतील.

तासाचा आराखडा असा करतेय. कार्डशीटवरचा दरडोई आकडा तसाच ठेवायचा, पुसायचा नाही. त्याच्या शेजारी मुलांनी तीन भागाकार स्वतः करायचे: रहिवाशांनी, रहिवासी अधिक सीमापार कामगारांनी, आणि तिसरा राष्ट्रीय उत्पन्नाचा. मग २४० आणि १४० ची पट्टी. त्यानंतर मतदार. वकीलसाहेब, तुमचा मुद्दाही वर्गात चर्चेला ठेवते, दोन्ही बाजूंनी बोलू देते.

एकच शंका उरली आहे. मुलांनी बेरोजगारीचा दरही लिहिला आहे. सीमेपलीकडच्या माणसाची नोकरी गेली तर तो लक्झेंबर्गच्या बेरोजगारांत मोजला जातो का?

मानेवाडा ते ट्रियर

नाही ताई. नोकरी गेली तर मला माझ्या राहत्या देशात, म्हणजे ट्रियरच्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवावं लागेल. बेकारी भत्ता जर्मनी देईल आणि मी जर्मनीच्या बेरोजगारांत मोजला जाईन. युरोपीय संघाच्या नियमानुसार लक्झेंबर्ग त्या भत्त्यातला सुरुवातीच्या काही महिन्यांचा भाग जर्मनीला परत देतं, तेवढाच. म्हणजे मंदीत लक्झेंबर्गच्या कंपन्यांनी माणसं कमी केली, तर त्यातली जवळपास निम्मी माणसं फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या आकड्यांत उगवतात. म्हणून तिथल्या बेरोजगारीच्या दरासोबत देशातल्या एकूण नोकऱ्यांची संख्या वाढली की घटली, तेही मुलांना बघायला सांगा. तीन देशांतली आम्ही माणसं त्या दुसऱ्या आकड्यात नक्की सापडतो.